अष्टमीला निघालेला मचवा

आमची ही गेली त्याला आता चौथा महिना लागला. लोक येतात, बसतात, चहा घेतात आणि म्हणतात, आजोबा, मन रमवा. कुठे रमवायचं ते कोणी सांगत नाही. म्हणून लिहायला बसलो. माझं शिक्षण मराठी चौथी, तेव्हा अक्षराला कोणी नावं ठेवू नयेत. ही मुंबईची गोष्ट खरं तर तिची. म्हणजे घडली माझ्या घरात, पण साठ वर्षं सांगितली तिने. लग्नात सांगितली, बारशात सांगितली, एकदा तर हाताला सलाईन लावलेलं असताना नर्सला सांगितली. ती सांगायची तेव्हा लोक पोट धरून हसायचे. मी एकदा सांगून बघितली, तर ऐकणाऱ्याने शेवटी विचारलं, "मग पुढं काय झालं?" त्यानंतर मी नाद सोडला. आता सांगणारी राहिली नाही. शिवाय तिच्या सांगण्यात एक गोष्ट नेहमी राहून जायची, ती फक्त मला ठाऊक होती. निदान मला तसं वाटत होतं.

तेव्हा आम्ही पनवेलच्या खाडीला, मिठागराच्या बांधाला लागून राहायचो. घरात चार माणसं. बाबा, आय, माझी थोरली बहीण यमुना आणि मी. यमुनाला सोळावं लागलं होतं, मला चौदावं. कुडाच्या भिंती, वर गवत, आणि दारातून बाहेर बघितलं की पांढरंच पांढरं. माघात मीठ धरायला लागलं की सकाळपासून फळ्यांचा आवाज चालू व्हायचा. ओलं मीठ लाकडी फळीने ओढताना जो आवाज येतो तो दुसऱ्या कशालाच येत नाही, खरबरीत जिभेने गाय वासरू चाटते त्याच्या जवळपास जाईल. घरातल्या प्रत्येक वस्तूवर मिठाचा पापुद्रा. आय म्हणायची, माझ्या कालवणात मीठ घालायला लागत नाय, टोप उघडा ठेवला की झालं. ती भाकरी थापायची त्याचा आवाज, बांधाच्या दारातून, म्हणजे उघाडीतून, पाणी आत यायचं त्याचा आवाज, आणि बाबांच्या खाकरण्याचा. बाबा बसलेले मी कधी बघितले नव्हते. जेवायचे तेही उकिडवे, हात धुवायच्या आधी अर्धे उठलेले. रात्री आडवे व्हायचे आणि सकाळी उभे असायचे. मधली अवस्था त्यांना ठाऊक नव्हती.

ज्यांना खाडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढं सांगतो. अमावास्या आणि पुनवेच्या आसपास भरतीला जोर असतो, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास पाणी आळसावतं, धड चढत नाही की धड उतरत नाही, त्याला भांग म्हणतात. मिठागराला पाणी घ्यायचं ते उधाणाला, बांधातली उघाडी उचलून. जास्त घेतलं तर बांध फुटतो, कमी घेतलं तर मीठ धरत नाही. ते किती घ्यायचं हे बाबांना कळायचं. आजूबाजूच्या चार गावची माणसं "गणूबा, उद्याचं पाणी कसं?" म्हणून विचारायला यायची. बाबा खाडीकडे न बघता सांगायचे. त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, पण त्या गोष्टीची लाज त्यांना वाटायची नाही, कारण ज्यांना अक्षर वाचता येत होतं ते त्यांना पाणी विचारायला यायचे. दुसरा मान घरात काही नव्हता.

तर त्या माघात यमुनाचं लग्न ठरलं. मुलगा उरणच्या अंगाचा, बरा होता, पुढेही बराच राहिला. पुनवेला साखरपुडा आणि वैशाखात लग्न. आमच्याकडे तेव्हा अशी रीत होती की साखरपुडा झालेल्या पोरीने लग्नापर्यंत खाडी ओलांडायची नाही. का ते कोणी विचारत नसे. लग्न झालं की सासर, सासरी गेलं की तिथलं मिठागर, हे यमुनाला दिसत होतं. तिने एक दिवस भाकरी खाता खाता सांगून टाकलं.

"मी मंबय बगितल्याबिगर बोहल्यावर उभी ऱ्हानार नाय."

आय म्हणाली, "मंबय बगून काय बोहल्यावर मंबय नेनार हायस?"

"नाय दाखवली तर अंतरपाटामागं बशीन मी. उभी ऱ्हानार नाय."

 बाबांनी हात धुतला, उठले, बांधावर गेले. संध्याकाळी येऊन म्हणाले, "अष्टमीला जाऊ. एक रात, दोन दिस. नवमीला सांजेला घरी." कारण उघड होतं. अष्टमीला भांग. भांगात उघाडीचं काम नाही. मीठ ओढायला शेजारचे होते, पण उघाडीला बाबा दुसऱ्याचा हात लागू द्यायचे नाहीत. पुनवेला साखरपुडा, म्हणजे पुढच्या भांगाला यमुनाला खाडी बंद. गेलो तर याच अष्टमीला, नाही तर नाहीच.

मग त्या मुंबईची आखणी सुरू झाली. आता माझी नात मोबाईलवर दोन बोटांनी जयपूरची सहल ठरवते, हॉटेल, गाडी, उंट सगळं, तेही जिन्यावरून उतरता उतरता. आम्हाला आठ दिवस पुरले नाहीत. दुपारी बांधावर भाकरी खायला बसलो की बाबा उभे राहून काठीने चिखलात मुंबई काढायचे. ते दोनदा मुंबईला गेले होते, दोन्ही वेळा मिठाबरोबर, आणि त्यांनी फक्त धक्का आणि मिठाची वखार बघितली होती. त्यामुळे त्यांच्या मुंबईत धक्का आणि वखार एवढं पक्कं होतं, बाकीचं आम्ही सांगू तसं ते भरत जायचे. त्यांनी मुंबईचे मिठागरासारखे चौकोन पाडले. एका चौकोनातून दुसऱ्यात जायचं, पाणी जातं तसं, मागे वळायचं नाही.

मला जिराफ बघायचा होता. शाळेच्या पुस्तकात त्याचं चित्र होतं, आणि मास्तर म्हणाले होते की तो राणीच्या बागेत खरा आहे. मला ते खोटं वाटत होतं. आयला ट्राममध्ये बसायचं होतं. उतरायचं नव्हतं. ट्राम जिथे जाते तिथे जायचं आणि बसल्या जागी परत यायचं. "उतरून काय करायचं? तितं पन मानसंच असनार," ती म्हणायची. यमुनाला लिफ्टमध्ये बसायचं होतं. बंदरावरच्या कोणीतरी तिला सांगितलं होतं की मुंबईत एक खोली असते, तिच्यात उभं राहिलं की माणूस वर जातो. तिला वर जाऊन आपली खाडी दिसते का ते बघायचं होतं. बाबांना विचारलं, तुमी काय बगनार? ते म्हणाले, "मी तुमाला बगीन. हरवाल."

तयारीही झाली. यमुनाने शेजारच्यांकडून चपला मागून आणल्या. आमच्या घरात तोवर चपला कोणी घातल्या नव्हत्या. ती रोज संध्याकाळी बांधावर चपला घालून चालायचा सराव करायची, आणि मी मागून चालायचो, कुठली निसटली की उचलून द्यायला. आयने तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी आणि गुळाच्या पुऱ्या करायचं ठरवलं. किती करायच्या यावर दोन दिवस वाद झाला. बाबांचं म्हणणं, मुंबईत खायला मिळतं. आयचं म्हणणं, ते कोणी केलंय कोणास ठाऊक.

जायचं कसं, हा एकच प्रश्न राहिला. येताना ठाण्यावरून एसटीने येणार होतो. जातानाही एसटी परवडणारी नव्हती, चार माणसं होतो. जाताना इब्राहिमचाचांचा मचवा. ते पनवेल बंदरातले जुने तांडेल, आमच्या मिठागराचं मीठ तेच मुंबईला न्यायचे. त्यांचा माल आणि आमचा उतारूपणा एकाच शिडावर जाणार होता. बाबांनी मला त्यांच्याकडे पाठवलं, अष्टमीला नेतात का विचारायला.

इथे हिच्या सांगण्यात राहून जायचं ते येतं.

चाचा बंदरावर शीड शिवत बसले होते. मी विचारलं. त्यांनी सुई थांबवली आणि म्हणाले, "बापाला सांग, अष्टमीला पानी नाय. मचवा रिकामा असला तर काढीन कसाबसा. भरला असला तर रुतेल, अल्लाकसम. व्यापारी भरायला सांगतोय. भरला तर तेरशीला या, तेरशीला आरामात नेतो. याद ऱ्हाईल?"

मी म्हटलं, राहील. आणि राहिलं. बंदरापासून घरापर्यंतच्या वाटेत मी तो निरोप सगळा पाठ केला. तेरस म्हणजे उधाण चढायला लागलेलं. बाबा उघाडी सोडून हलणार नाहीत. तेरशीचं नाव काढलं की मुंबई गेली, जिराफ गेला, आणि यमुना अंतरपाटामागे बसणार. मला वाटलं, व्यापारी म्हणतोय खरा, पण भरेलच कशावरून. घरी आलो. बाबा मीठ ओढत होते. त्यांनी न थांबता विचारलं, "काय बोलला?"

मी म्हटलं, "या बोलला."

ज्या माणसाने पाण्याच्या बाबतीत आयुष्यात दुसऱ्याचा शब्द धरला नाही, त्याने माझा धरला. "मग रिकामा नेत असल," एवढंच म्हणाले आणि फळी ओढत राहिले.

अष्टमीला उजाडता उजाडता आम्ही बंदरावर. यमुना नव्या लुगड्यात, चपला हातात, कारण चिखल. आयच्या डोक्यावर भाकऱ्यांचं गाठोडं. यमुना फळीवरून तुरूतुरू चालत मचव्यावर चढली आणि मधोमध जाऊन बसली, जणू मचवा तिच्यासाठीच बांधला होता. मी बघितलं, मचवा काठोकाठ भरलेला. पाणी आणि कठडा यांत हातभर अंतर नव्हतं. बाबा फळीपाशी थांबले. त्यांनी मचव्याकडे बघितलं, मग खाडीकडे, मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्त वेळ.

मचव्यावरून चाचांनी विचारलं, "गणूभाय, पोरग्यानं निरोप दिला ना तुला?"

बाबा म्हणाले, "दिला."

"तरी आलास?"

"आलो."

"तुझं पानी तुला माहीत बाबा," चाचा म्हणाले. "मला तर आज निघायचंच हाय, व्यापारी बोंबलतोय. चढ."

बाबांनी यमुनाकडे बघितलं. ती चपला पायात घालत होती. ते चढले.

मचवा तासभर चालला. पुढे तो आमच्याच मिठागरासमोरच्या वळणावर आला आणि थांबला. आवाज झाला नाही. एवढंच झालं की झाडं मागे जायची बंद झाली. चाचांनी आणि त्यांच्या दोन खलाशांनी बांबू लावून बघितले, बाबांनीही लावला. पाणी उतरायला लागलं होतं. दोन घटकांत पाणी गेलं, मचवा एका बाजूला कलला, आणि आम्ही चौघं नव्या कपड्यांत, चिखलाच्या मधोमध, आमच्या घरापासून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर मुंबईला निघालेले असे बसून राहिलो. आमचा कोंबडा आरवलेला ऐकू येत होता.

आय म्हणाली, "आता वो?"

चाचा म्हणाले, "सांजची भरती बगू."

सांजेची भरती आली, मचव्याच्या पोटाला हात लावून गेली. भांगात प्रत्येक भरती आधीच्यापेक्षा कमी असते. हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळचीही तशीच गेली. तोवर गावाला कळलं होतं. बांधावर माणसं येऊन उभी राहात होती. "गणूबा, मंबय लागली काय?" "माडीवरची खोली घेतलीस का तळातली?" एकजण म्हणाला, "उद्याचं पानी कसं, गणूबा?" आणि सगळे हसले. आय पहिल्याच दिवशी म्हणाली होती, चला घरी, चिखलातून जाऊ. बाबा म्हणाले होते, "नाय. एक रात दोन दिस ठरलंय. नवमीला सांजेला घरी."

आणि ते बसले. मांडी घालून. मी आणि यमुना एकमेकांकडे बघायला लागलो. करायला काही नव्हतं, उघाडी समोर दिसत होती पण भांग होता, मचवा दुसऱ्याचा होता. दीड दिवस बाबा बसले. त्यांना बसता येतं हे आम्हाला तेव्हा कळलं. गुडघ्यावर हात ठेवून बसायचे, आणि थोड्या वेळाने ते हात कुठे ठेवायचे हे त्यांना सुचायचं नाही. आयने मचव्यावरच्या चुलीवर खलाशांच्या चिंबोऱ्यांचं कालवण केलं. मचवा कललेला, त्यामुळे कालवण टोपाच्या एका अंगाला आणि भात एका अंगाला. जेवताना सगळे उजवीकडे घसरायचे. गुळाच्या पुऱ्या पहिल्याच दुपारी संपल्या. बाबा म्हणाले, "कमी केल्या." आयने त्यांच्याकडे असं बघितलं की चाचांनी तोंड फिरवलं.

मुंबई मग चाचांनी दाखवली. ते शेकडो वेळा गेलेले. आयला त्यांनी ट्रामचा रस्ता सांगितला, कुठून सुटते, कुठे वळते, घंटा कशी वाजते, कंडक्टर काय ओरडतो, आणि शेवटच्या थांब्यावर गेल्यावर "आता उतरायचं नाय, भाबी, आता परत," असं म्हणून सगळा रस्ता उलटा सांगितला.  शेवटी आय म्हणाली, "लई लांब हाय." मला म्हणाले, जिराफ खरा आहे, मी बघितलाय. मग म्हणाले, तो वरून माणसांकडे असा बघतो की माणसाला आपल्या कपड्यांची लाज वाटते. हे मात्र त्यांनी सांगितलं तेव्हा मला पटलं.

राहिली लिफ्ट. शिडाचा दोर डोलकाठीवरच्या कप्पीतून जातो. डोलकाठीला तेल लावायचं असलं की खलाशाला एका फळकुटावर बसवून त्याच दोराने वर ओढतात. चाचांनी फळकूट बांधलं आणि बाबांना म्हणाले, "गणूभाय, लाव हात." आय म्हणाली, लग्नाची पोर हाय, काय तमाशा करता, सगला गाव बगतोय. यमुना तोवर फळकुटावर बसलेली होती. लुगड्याचा काचा आवळून, चपला घालून. बाबा आणि चाचा दोर ओढायला लागले आणि माझी बहीण वर जायला लागली. बांधावरच्या सगळ्यांच्या माना वर झाल्या. वरपर्यंत गेली. कललेल्या डोलकाठीमुळे ती मचव्यावर नव्हतीच, चिखलावर लोंबत होती.

खालून आयने ओरडून विचारलं, "दिसती का गं मंबय?"

यमुनाने सगळीकडे बघितलं. मग म्हणाली, "नाय. आपलं घर दिसतंय. कोंबड्या आत शिरल्यात."

बाबा हसले. मी त्यांना हसताना त्याआधी बघितलं असेन, पण आठवत नाही. ते हसले आणि दोर सैल झाला आणि यमुना हातभर खाली आली आणि किंचाळली, आणि मग सगळेच हसायला लागले, बांधावरचेही.

खाली उतरवल्यावर ती बाबांच्या शेजारी बसली. मी शिडाच्या गुंडाळीपाशी होतो. बाबा तिला हळू आवाजात म्हणाले, "बाय, मंबय ऱ्हायली. चुकी माझी हाय. जन्म पान्यात गेला नि मना पानी नाय वळकता आलं." यमुना म्हणाली, "मंबय कुटं पलतेय?" बाबा म्हणाले, "तरी."

ते "तरी" मी ऐकलं, आणि शिडामागे गेलो.

त्या वेळी चिखलातून एक पोरगी येत होती. आमच्या गावातली, तारा तिचं नाव, तेरा वर्षांची, रोज खाडीत चिंबोऱ्या धरायची म्हणून चिखलात कुठे पाय द्यायचा ते तिला पाठ. मचव्यावरचं गोडं पाणी संपलं होतं. तीन माणसांचं पिंप सातजणांनी प्यायलं होतं. तिच्या आयने तिला पाण्याची कळशी देऊन पाठवलं होतं. ती नेमकी शिडाच्या बाजूने आली. कळशी वर दिली, मांडीपर्यंत चिखल, आणि माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "मंबयला जाताना रडतात काय?"

मी म्हटलं, "खारं पानी गेलंय डोल्यात."

तिने आजूबाजूला बघितलं. अर्ध्या मैलात पाण्याचा थेंब नव्हता. मग म्हणाली, "हां," आणि गेली.

पुढे चार-पाच वर्षांनी तिचं आणि माझं लग्न झालं, तेही याच गावात, म्हणजे तिला खाडी ओलांडायचीही गरज पडली नाही.

नवमीला सांज व्हायला लागली तसे, भरती यायच्या आत, आम्ही चिखलातून चालत घरी आलो. बाबा पुढे, नेमक्या ठरल्या वेळेला. यमुनाच्या एका पायातली चप्पल चिखलाने ठेवून घेतली, ती शेवटपर्यंत मिळाली नाही. मचवा त्यानंतर तिसऱ्या दिवशी, भरती पुन्हा वाढायला लागल्यावर, निघाला. साखरपुडा झाला, वैशाखात लग्न झालं, यमुना बोहल्यावर उभी राहिली. बाबांना गावाने मरेपर्यंत "मंबयवाला" म्हटलं. पाणी विचारायला त्यानंतरही लोक यायचे, पण विचारून झालं की एकदा हसायचे. बाबा उत्तर द्यायचे आणि कामाला लागायचे. तो निरोप त्यांनी माझ्याकडे कधी काढला नाही, मीही काढला नाही. पुष्कळ वर्षांनी ते गेले तेव्हा मी त्यांच्या उशाशी होतो, तेव्हाही नाही काढला. असल्या गोष्टीला भरती लागते, आणि ती आली की माणूस दुसऱ्या कामात असतो.

आता ती खाडी तशी राहिली नाही. भराव टाकून सगळं उंच केलं आणि मिठागरावरून विमानं जायला लागली. जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर मुलाने इमारत बांधली. तिला लिफ्ट आहे. ही पहिल्यांदा लिफ्टमध्ये चढली तेव्हा आत उभ्या असलेल्या अनोळखी बाईला तिने तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत यमुनाची गोष्ट सांगितली, आणि ती संपेना म्हणून त्या बाईला परत खाली नेलं.

गोष्ट सांगताना ती नेहमी एका ठिकाणी यायची. "आनि ह्यो शिडामागं बसून रडत व्हता," ती म्हणायची. मी जिथे असेन तिथून म्हणायचो, "खारं पाणी गेलं होतं डोळ्यात." लोक हसायचे. ही थांबायची. माझ्याकडे बघायची, पदर सारखा करायची, मग पुढे जायची. साठ वर्षं रोजच्यासारखं हे चाललं. शेवटच्या महिन्यात तिला धाप लागायची, तरी नर्सला सांगताना ती तिथे थांबलीच. मी म्हटलं, खारं पाणी. ती बघत राहिली. मग डोळे मिटून पडली. पुढची गोष्ट नर्सला कळलीच नाही.

हिच्या तेराव्याला यमुना आली होती. आता तिला चालवत नाही, नातवाने गाडीतून उचलून आणली. मुंबई तिने पुढे मुलांबरोबर चार-पाचदा बघितली. म्हणते, चाचाची बरी होती, गर्दी नव्हती. जेवणं आटोपल्यावर मी तिच्या शेजारी बसलो आणि म्हटलं, "बाय, एक सांगायचं राहिलंय. तो मचवा माझ्यामुळं रुतला."

ती म्हणाली, "चाचाचा निरोप ना?"

मी तिच्याकडे वळलो.

"मी तितंच तर बसलेली, चपला घालत," ती म्हणाली. "चाचानं विचारलं नि बाबा 'दिला' बोलले. मी तुजं थोबाड बगितलं नि समजले."

"मग तू बोलली नायस कधी?"

"बाबा नाय बोलले. मी कशाला बोलू?"

मी विचारलं, "हिला ठाऊक नव्हतं ना?"

"ताराला? तिला मीच सांगितलेलं. तुमच्या हळदीला. ती विचारायला लागली, तो त्या दिवशी कशाला रडत व्हता, मग सांगितलं." यमुनाने माझ्याकडे बघितलं. "का? तुमचं बोलणं झालं नाय कधी?"

म्हणजे लग्नाच्या आधल्या दिवसापासून हिला ठाऊक होतं. जिच्या पोटात तीळ भिजत नसे, जिने लिफ्टमधल्या बाईला खाली नेऊन गोष्ट पुरी केली, तिने एवढी एक गोष्ट कोणाला सांगितली नाही. दर वेळी त्या जागेपर्यंत आणायची आणि थांबायची. मला वाटायचं, लोकांचं हसू ओसरायची वाट बघते.

खारं पाणी नव्हतं, तारा. रडत होतो.